आण्णांची सात रिळं, साडेसातशे रुपयांत

आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, जायकवाडीच्या कामावर. पैठणला धरणाची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी केली आणि 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. या दोन तारखांच्या मधली कितीतरी वर्षं आण्णा-काकूंनी तिथल्या क्वार्टरमध्ये काढली. काकूंचा भाऊ जर्मनीहून आला तेव्हा त्याने आण्णांना एक छोटा सिनेमा-कॅमेरा दिला. फिल्म महाग, धुवायला मुंबईमार्गे पाठवायची, दोन-दोन महिने वाट बघायची. त्यामुळे आण्णांनी आयुष्यात मोजून सात रिळं भरली. एकेक रीळ साडेतीन मिनिटांचं. सगळं मिळून अर्धा तासही नाही.

ही रिळं गेल्या दिवाळीत परभणीला काकूंच्या कपाटात, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सापडली. प्रोजेक्टर माळ्यावर होता, जुन्या गोधडीत गुंडाळलेला. भाचा म्हणाला, पुण्याला देऊ, तिथं रिळांचा व्हिडिओ करून देतात. मी फोन केला तर आकडा पाच अंकी निघाला, आणि वर रिळं कुरिअरने पाठवायची. काकू म्हणाल्या, "कुरिअरनं? मी आहे तोवर तर नाही."

म्हणून मीच बसलो. मी 33 केव्हीच्या सबस्टेशनवर 31 वर्षं ऑपरेटर होतो. सिनेमातलं मला काही कळत नाही, पण 50 सायकल म्हणजे विजेचे सेकंदाला 50 फेरे, हे कळतं, आणि या कामात निम्मं तेच लागतं. तुमच्याही घरात असा डबा असेल तर कसं करायचं ते सांगतो. माझ्या चुकाही सांगतो, कारण त्यातली एक काकूंनी अजून विसरलेली नाही.

आधी वास घ्या

डबा उघडला की नाक जवळ न्या. चायनीजच्या गाड्यावर शिरक्याची बाटली असते, तसला आंबट वास आला तर ती फिल्म सडायला लागली असं समजा. घरगुती जुनी फिल्म बहुतेक अ‍ॅसिटेटची असते. उष्णता आणि ओल लागली की तिच्यातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटतं, मग ती आखडते, वाकडी होते, ठिसूळ होते. शिवाय हे दुखणं शेजारच्या रिळालाही लागतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 42-43 वर जातो आणि काकूंचं कपाट नेमकं मावळतीच्या भिंतीला. तरी सातांतलं एकच रीळ आंबलेलं निघालं, हे नशीबच. असं रीळ लगेच वेगळं काढा, हवाबंद पिशवीत कोंडू नका, आणि प्रोजेक्टरवर तर लावूच नका. नुसता कुबट वास असेल तर घाबरायचं कारण नाही. डब्यात कोणी डांबर गोळ्या टाकल्या असतील तर त्या मात्र काढून फेका.

जुनी फिल्म पेट घेते, असं काकूंना कोणीतरी सांगून ठेवलं होतं. ती थिएटरांत चालणारी जुन्या काळची नायट्रेट फिल्म. घरगुती 8 मिलिमीटरची फिल्म पहिल्यापासून सेफ्टी बेसवरच यायची. ती भसकन पेटत नाही. वितळते मात्र, आणि कशी वितळते ते पुढे सांगतो.

मग फिल्म कुठली आहे ते ओळखा, कारण 8 मिलिमीटरमध्ये दोन जाती आहेत आणि एकीचा प्रोजेक्टर दुसरीला चालतोच असं नाही. 1932 पासूनची साधी 8, आणि 1965 मध्ये कोडॅकने आणलेली सुपर 8. रुंदी सारखीच, फरक भोकांत. साध्या 8 ची भोकं मोठी असतात आणि दोन चित्रांच्या मधल्या रेषेवर येतात. सुपर 8 ची भोकं बारीक असतात आणि प्रत्येक चित्राच्या मध्याजवळ येतात. रिळावरूनही कळतं. साध्या 8 च्या रिळाचं मधलं भोक लहान, सुपर 8 चं चांगलं अर्ध्या इंचाचं. फिल्मच्या कडेने तपकिरी पट्टी असेल तर तो आवाजाचा मॅग्नेटिक पट्टा. कॅमेऱ्यातच आवाज टिपणारी सुपर 8 फिल्म 1973 पासून आली. आमची सगळी रिळं सुपर 8 आणि मुकी.

आत काय आहे ते बघायला प्रोजेक्टर लागत नाही. खिडकीशी बसा, फिल्मचा हातभर तुकडा सोडा, कडेला धरून उजेडासमोर न्या आणि भिंगातून बघा. एक चित्र तुरीच्या डाळीएवढं असतं. त्या डाळीत मला बैलाची शिंगं दिसली, शिंगांवर बेगड, आणि बाजूला सदऱ्यातला एक माणूस. तो माझा बाप होता. वय असेल तिशीचं. खिडकीशी तसाच बराच वेळ उभा होतो मी.

मी काय जाळलं

एवढं दिसल्यावर धीर धरायला हवा होता. नाही धरला. गोधडी सोडली, प्रोजेक्टर टेबलावर ठेवला, धूळ फुंकली, पिन लावली. बल्ब लागला. मोटार घरघरली. म्हणलं, झालं काम! पहिलंच रीळ चढवलं, भिंतीवर चित्र आलं. आमची आजी, डोक्यावर पदर, कॅमेऱ्याकडे बघून हाताने "नको नको" करतेय. दहाएक सेकंद चाललं आणि अडकलं. आजी थांबली. तिच्या गालावर एक तपकिरी ठिपका उठला, कडेला पिवळा झाला, आणि दूध उतू जावं तसा फुगत सगळ्या चेहऱ्यावर पसरला. मी स्विच मारेपर्यंत भिंतीवर नुसता पांढरा उजेड होता आणि खोलीत जळक्या प्लॅस्टिकचा वास.

काकू म्हणाल्या, "जाळलास का रे आत्याबाईंना?"

एक चित्र गेलं, शेजारची दोन करपली. सुपर 8 सेकंदाला 18 चित्रं घेते, म्हणजे हिशेबाने गेला तो सेकंदाचा सहावा भाग. हा हिशेब मी काकूंना सांगायला गेलो नाही. प्रोजेक्टरचा बल्ब 100 वॅटचा असतो आणि त्याचा सगळा उजेड डाळीएवढ्या जागेवर येतो. फिल्म सरकत असते म्हणून वाचते. थांबली की दोन सेकंदांत गेली. म्हणून घरची फिल्म लावण्याआधी प्रोजेक्टर रिकामा पंधरा मिनिटं चालवा आणि मग कोणतं तरी निरुपयोगी रीळ किंवा रिळाच्या सुरुवातीचा कोरा तुकडा चालवून बघा. आणि चालू असताना एक हात कायम स्विचवर ठेवा. काही प्रोजेक्टरांना चित्र थांबवून बघायचं बटण असतं, त्याच्या वाटेलाच जाऊ नका.

प्रोजेक्टर माणसात आणणे

फिल्म अडकली कारण आतला रबरी पट्टा. पन्नास वर्षांत त्याची पार चिक्की झाली होती. निम्मा पुलीला चिकटलेला, निम्मा खाली डांबरासारखा ओघळलेला. स्टेशन रोडला एक टेपरेकॉर्डर दुरुस्तीवाले मामू आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी पट्टा बोटाने उचलला आणि म्हणाले, "ये तो पूरा गल गया, साब. ऐसे चलाए तुम?" मी मान खाली घातली. त्यांनी जुन्या पट्ट्याचा घेर दोऱ्याने मोजला आणि खोक्यातून टेपचे पट्टे काढून एकेक लावून बघितले. चौथा बसला. साठ रुपये. नवा पट्टा जुन्यापेक्षा जरासा आखूड घ्यावा, कारण जुना ताणलेला असतो. फार घट्ट घेतला तर मोटार कण्हते. पुलीवरचा जुना चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण निघेपर्यंत पुसा. थोडा जरी राहिला तरी नवा पट्टा घसरतो.

बल्ब दोन दिवसांनी उडाला. त्यावर 12 व्होल्ट 100 वॅट लिहिलेलं होतं. असले रिफ्लेक्टरचे हॅलोजन दवाखान्यातल्या उपकरणांनाही लागतात, त्यामुळे फोटोच्या दुकानात हिंडत बसण्यापेक्षा मेडिकल इन्स्ट्रुमेंट दुरुस्त करणाऱ्याला विचारा. मला चारशेला मिळाला. जुना बल्ब बरोबर न्या, पायांमधलं अंतर जुळलं पाहिजे. नव्याच्या काचेला बोट लावू नका, बोटाच्या तेलाने तिथं काच तापून फुटते.

आता माझ्या खात्यातली गोष्ट. बल्ब उडाला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. मीटर लावला तर घरात 248 व्होल्ट. रात्री लोड उतरला की व्होल्टेज चढतं, आणि हॅलोजनला थोडंसं जास्त व्होल्टेजही आयुष्यातून उठवतं. बऱ्याच प्रोजेक्टरांच्या मागे किंवा बुडाशी 110, 130, 150, 220, 240 असा सिलेक्टर असतो. आमचा 220 वर होता. 240 वर करा. उजेड किंचित कमी होतो, बल्ब टिकतो. आणि मधेच लाइन गेली तर आधी प्रोजेक्टरचा स्विच बंद करा, मग मेणबत्ती शोधा. लाइन परत आली आणि मोटारीने उचल घ्यायच्या आत बल्ब लागला, की झालीच आजी. साध्या इन्व्हर्टरवर चालवू नका, मोटार नुसती हुंकारते.

शेवटी गेट, म्हणजे जिथून फिल्म उजेडासमोरून जाते ती खिडकी. तिथे पन्नास वर्षांचा मेण-धुळीचा थर असतो. कान साफ करायची काडी आयसोप्रोपिलमध्ये बुडवून पुसा, लोखंडाने खरवडू नका. तिथे अडकलेला एक केस भिंतीवर काळ्या अळीसारखा वळवळतो आणि सगळं रीळ नासवतो. मी दर रिळाआधी फुग्याच्या ब्लोअरने दोन फुंकर मारत होतो. फिल्मला मात्र ओलं काही लावलं नाही. चष्म्याच्या मऊ फडक्याची घडी करून त्यातून फिल्म हलक्या हाताने, एकदाच, सावकाश ओढायची. फडकं काळं होतं, बघून लाज वाटते.

तुटलेले जोड असतील तर फिल्म जोडायची खास टेप मागवा. आमचे दोनच निसटले होते. शाळेच्या वहीची चिकटपट्टी लावण्याचा मोह होतो, पण तिचा गोंद दोन उन्हाळ्यांत बाहेर येतो आणि पुढचे वेढे एकमेकांना चिकटतात.

50 सायकल

इथं बहुतेक लोक हरतात. प्रोजेक्टर भिंतीवर लावतात, मोबाइल धरतात, आणि व्हिडिओत चित्र लुकलुकतं. मग म्हणतात, घरी होत नाही. होतं.

प्रोजेक्टरमध्ये उजेड आणि फिल्म यांच्या मधे एक पातं फिरतं. बहुतेक घरगुती प्रोजेक्टरांना ते तीन पाकळ्यांचं असतं, म्हणजे एकेक चित्र भिंतीवर तीनदा लखलखतं. डोळ्याला ते कळत नाही, मोबाइलला कळतं. प्रोजेक्टर 18 च्या वेगाने चालला तर सेकंदाला 54 लखलखाट. मोबाइल सेकंदाला 25 फ्रेमवर, म्हणजे 25 चित्रांवर असेल तर त्याला 50 हवे असतात. फरक 4, म्हणून सेकंदाला चारदा उजेड चढतो-उतरतो. ज्यांनी दोन अल्टरनेटर (वीज बनवणारी यंत्रं) समांतर जोडताना सिंक्रोनायझिंगचे दिवे बघितलेत त्यांना लगेच कळेल. फ्रिक्वेन्सीत फरक आहे तोवर दिवे झुलत राहतात, जुळलं की शांत होतात. इथं तेच करायचं. प्रोजेक्टर सेकंदाला 16.67 चित्रांवर आणला की तीनने गुणून 50 लखलखाट. म्हणून मोबाइल 25 फ्रेमवर ठेवायचा आणि प्रोजेक्टरचा वेग हळूहळू कमी करत न्यायचा. एका जागी मोबाइलच्या पडद्यावरची लाट मंदावते, आणखी जरा फिरवलं की थांबते. तिथंच सोडायचं.

वेग बरोबर आहे का ते घड्याळाने तपासता येतं. 50 फुटांच्या सुपर 8 रिळात 3600 चित्रं असतात. 16.67 ने ती 3 मिनिटं 36 सेकंदांत संपतात. तुमचं रीळ तेवढंच चाललं तर जुळलं.

मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा 30 फ्रेमवर असतो आणि उजेड स्वतःच कमी-जास्त करत बसतो, तो नको. ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा यांसारखं फुकटचं अ‍ॅप घ्या, ज्यात फ्रेम, शटर, फोकस हाताने बांधता येतात. शटर 1/50, पट्टे दिसले तर 1/25 करून बघा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड ओढायची ताकद, जमेल तितका खाली. व्हाइट बॅलन्स 3200 च्या आसपास, कारण हॅलोजनचा उजेड पिवळा असतो. तुमचा मोबाइल 25 देतच नसेल तर 30 वर ठेवा आणि प्रोजेक्टर 20 वर न्या, 20 त्रिक 60. मग रीळ बरोबर 3 मिनिटांत संपेल. वेगाचं बटणच नसलेला, थेट लाइनच्या सायकलवर पळणारा प्रोजेक्टर असेल तर मात्र हा उपाय नाही. दुसऱ्या कोणाचा मागून आणा.

भिंतीवर मोठं चित्र टाकायचा मोह टाळा. चित्र जितकं लहान तितका उजेड दाट. मी चित्रकलेचा जाड, खरखरीत कार्ट्रिज कागद पुठ्ठ्याला लावला आणि चित्र साध्या ए-फोर कागदाएवढंच ठेवलं. गुळगुळीत कागदावर मधे पांढरा डाग चमकतो. मोबाइल प्रोजेक्टरच्या लेन्सला जवळजवळ खेटून, त्याच उंचीवर, स्टँडवर. बाजूला सरकवला की चित्र एका कडेला ताणल्यासारखं येतं. आधी फिल्म न लावता कोऱ्या उजेडावर रंग बांधा, मग एखादं मध्यम उजेडाचं चित्र चालू असताना एक्स्पोजर आणि फोकस बांधा, आणि मग रीळ पहिल्यापासून लावा. फोन विमान मोडवर. माझ्या तिसऱ्या रिळाच्या मध्यावर बीडच्या साडूंचा फोन आला होता, कांद्याचा भाव विचारायला.

खोली काळीकुट्ट हवी. आम्ही डिसेंबरात केलं. रात्री खिडकीला चादर, दाराखाली टॉवेल. उन्हाळ्यात हे करू नका, बंद खोलीत प्रोजेक्टरचा बल्ब आणि परभणीची रात्र, दोन्ही सोसत नाहीत.

एक रीळ लावलं तर माणसं डोक्यावर उभी, मागे मागे चालतात, आणि एसटीच्या पाटीवरचं "पैठण" वाचायला आरसा लागेल असं. काकू घाबरल्या. काही नाही, शेवटचं बघून रीळ परत गुंडाळायचं राहिलं होतं. पन्नास वर्षं तसंच. एकदा रिवाइंड केलं आणि पैठण सरळ झालं.

कॉम्प्युटरवर

इथं फार काही नाही. व्हिडिओ कापायला-जोडायला शॉटकट हलकं आहे, डाविंची रिझॉल्व्हला बरा कॉम्प्युटर लागतो, दोन्ही फुकट मिळतात. कडा कापा. 16.67 ने चालवलेली 18 ची फिल्म जराशी संथ दिसते, वेग 108 टक्के करा, माणसं माणसांसारखी चालतात. रंगांचं नशीब फिल्मवर. आण्णांची पाच रिळं कोडाक्रोमची, म्हणजे कोडॅकच्या रंगीत फिल्मची, त्यांतला हळदीचा पिवळा आज लागल्यासारखा पिवळा. एक काळं-पांढरं, पूर्व जर्मनीच्या ऑर्वोचं, तेही ठणठणीत. सातवं दुसऱ्या कुठल्या तरी रंगीत फिल्मचं, ते सगळं लालसर झालंय, आणि आंबलेलं तेच. लाल कमी करून निळा-हिरवा वाढवला की अशा फिल्मचे चेहरे तरी ओळखू येतात. चित्रातले बारीक दाणे घालवायच्या नादी लागू नका. तसं केलं की आजी मेणाची दिसते.

न धुतलेलं कोडाक्रोमचं कार्ट्रिज (कॅमेऱ्यात घालायची फिल्मची बंद डबी) निघालं तर ते रंगीत धुऊन मिळणार नाही. अमेरिकेत कॅन्ससमधली शेवटची लॅब 2010 च्या अखेरीस ते काम बंद करून मोकळी झाली. काळं-पांढरं धुऊन देणारे अजून आहेत.

एकेक चित्र सुटं टिपणारी छोटी यंत्रंही मिळतात. संभाजीनगरच्या मित्राने असं आणलं होतं, त्याच्याकडे पोळ्याचं रीळ पुन्हा करून बघितलं. आत एलईडी असल्याने जळायची भीती नाही, कडेपर्यंत चित्र स्वच्छ, लुकलुकणं नाही. एका रिळाला अर्धा तास लागतो, लावून चहा प्यायला जाता येतं. ते 20 फ्रेमचा व्हिडिओ देत होतं, म्हणून सगळे पळत सुटल्यासारखे दिसतात. वेग 90 टक्के केला की ठीक. माझ्या कागदावरच्या चित्रापेक्षा ते सरस, हे मान्य. पण किंमत बघता सात रिळांसाठी घेण्यात अर्थ नाही. भावकीत चार घरांत डबे असतील तर वर्गणी काढून घ्या आणि काम झाल्यावर विकून टाका. आंबलेल्या सातव्या रिळाला मी यंत्रही लावलेलं नाही. त्याचे पैसे मात्र मी मोजणार आहे, आणि पुण्याला स्वतः एसटीने घेऊन जाणार आहे.

तुमच्या घरात रिळं नसून लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट असतील, आणि मराठवाड्यात बहुतेक घरांत त्याच असतात, तर काम सोपं पण घाई जास्त. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी 2016 मध्ये थांबली, तेव्हा चालू व्हीसीआर असलेला माणूस आधी गाठा. लाल-पांढरी-पिवळी पिन घेणारं यूएसबीचं छोटं कॅप्चर यंत्र, कॉम्प्युटर, सेटिंग पाल (PAL, आपल्याकडची टीव्हीची पद्धत), आणि तीन तासांच्या कॅसेटला तीन तास. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली तर लावू नका, व्हीसीआरचं टेप वाचणारं हेड बरबाद होईल आणि पुढच्या सगळ्या कॅसेटांना बुरशी लागेल.

तयार झालेली फाइल तीन ठिकाणी ठेवा: कॉम्प्युटर, एक हार्ड डिस्क, आणि एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. पेनड्राइव्हवर भिस्त नको. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून टाकलं की चिरमुरे होतात. डॉक्युमेंट म्हणून टाका. मूळ रिळं फेकू नका. आमची आता काकूंच्या कपाटातून निघून माझ्या घरी उगवतीच्या खोलीत, खालच्या फळीवर आहेत.

खर्च: बल्ब 400, पट्टा 60, ब्लोअर 150, आयसोप्रोपिल 120, कागद 20. झाले 750. स्टँड भाच्याचा.

आवाज

रिळं मुकी आहेत, म्हणून एक जास्तीचं काम केलं. तयार व्हिडिओ टीव्हीला लावला, काकूंना समोर बसवलं आणि दुसऱ्या मोबाइलवर आवाज रेकॉर्डिंग चालू करून सुपारीच्या डब्यामागे ठेवून दिला. आधी सांगून, पण दिसणार नाही असा. समोर दिसला की त्या शुद्ध बोलायला लागतात. पहिल्या फेरीला काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या फेरीला नावं सुरू झाली. हा अमक्याचा, ही तमकीची, हिला नंतर जालन्याला दिली. तीन-चार फेऱ्या तरी करा. प्रश्न कमी विचारा. नंतर हा आवाज शॉटकटमध्ये व्हिडिओखाली लावायचा आणि मुका व्हिडिओ वेगळा जपायचा.

धरणाच्या रिळात मला हजारो पाट्या वाहणारी माणसं दिसत होती, काकूंना फक्त क्वार्टरच्या दारातली दोरी दिसली. "ती साडी वाळतीय ना, निळी, ती त्यांनी पहिल्या पगाराची घेतलेली."

फाइलींना नावं देताना वर्ष आधी टाका, म्हणजे कॉम्प्युटर आपोआप क्रमाने लावतो. पोळ्याच्या रिळाच्या डबीवर आण्णांच्या अक्षरात "पोळा 72" असं होतं, म्हणून मी तेच टाइप करायला घेतलं. काकू मागे उभ्या होत्या.

"बहात्तर कसं असंल? बहात्तरला पाऊस कुठं होता? बैल विकले होते की पोळ्याच्या आधीच. मिलो खाल्ला आम्ही त्या दुष्काळात, ती रेशनवरची परदेशी ज्वारी. हा ढवळ्या त्र्याहत्तरला आणलाय, गंगाखेडच्या बाजारातून. तुझ्या बापानंच आणला."

"आण्णांनी लिहिलंय, काकू."

"लिहू दे. त्यांना काय, ते धरणावर होते."

फाइलचं नाव आहे 1973_पोळा_ढवळ्या.